टोचनमागची फळी

शमुवेलमामा गाडीखाली उताणे पडलेले असले आणि त्यांचे फक्त पाय दिसत असले, की सगळं ठीक चाललंय असं समजायचं. ते उभे राहून, कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत असले, की मात्र आम्ही नर्सा जेवणाचे डबे उघडायला घ्यायचो. आता निघायला वेळ लागणार, हे ठरलेलं.

नगरच्या ज्या दवाखान्यात मी सत्तरच्या सुमाराला नोकरीला लागले, तिथे शमुवेल भालेराव हे ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे पगार त्या नावाने. बाकी पाण्याची मोटर, ऑपरेशनच्या खोलीतले दिवे, डॉक्टरबाईंचा रेडिओ, मेट्रनच्या घरची इस्त्री, सगळं त्यांच्याकडेच. लष्कराच्या वर्कशॉपात वायरमनचं काम करून आले होते. उंच, पोट जरा सुटलेलं, केसांना इतकं तेल की खाकी टोपीला आतून काळी कडा पडलेली. एका खिशात पक्कड आणि दुसऱ्या खिशात फुटाणे. कधीकधी खिसे चुकायचे आणि पकडीला फुटाण्याची सालं चिकटलेली असायची.

विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. "आख्ख्या नगर जिल्ह्यात वायरीचं काम समजनारी दोन मानसं हायेत," असं ते सांगायचे. दुसरा कोण असं विचारलं, तर थोडा वेळ विचार करून म्हणायचे, "तो वारला मागंच."

गाड्यांशी ते बोलत. दवाखान्याचा जुना ट्रक म्हणजे "आक्का" आणि लष्करी लिलावात घेतलेली जीप म्हणजे "धाकटी". आक्काला ते अहोजाहो करत, धाकटीला अगंतुगं. सकाळी इंजिनाला हँडल मारताना, "आक्का, उठताय ना? लोकं वाट बघत्यात," असं हळू आवाजात सांगत. आणि खरोखर, दुसऱ्या कोणी हँडल मारलं तर तो ट्रक लवकर चालू होत नसे.

दुष्काळाची ती वर्षं. पारनेर आणि श्रीगोंद्याकडे रस्त्याची आणि पाझर तलावाची कामं निघाली होती. हजारो माणसं उन्हात खडी फोडायला आणि माती वाहायला बसलेली. डॉक्टरबाईंनी ठरवलं, की दवाखाना कामावर न्यायचा. ट्रकमध्ये औषधं, दुधाच्या भुकटीची पोती आणि तंबू. मुक्काम एका ठिकाणी टाकायचा आणि तिथून जीप घेऊन आडबाजूच्या कामांवर जायचं, कारण ट्रक तिथे पोचत नसे. अडचण एकच होती. गाड्या दोन, ड्रायव्हर एक. शिवाय जीपला पेट्रोल लागे आणि ते जपून वापरायला हवं होतं.

"त्यात काय हाय," मामा म्हणाले. "धाकटीला आक्काच्या मागं टोचन लावू. लष्करात असताना मी रणगाडा टोचन करून आनलाय."

रणगाड्याचं काय झालं होतं देव जाणे, पण जीपसाठी त्यांनी लोखंडी पट्ट्यांची एक त्रिकोणी दांडी लोहाराकडून करून घेतली. तिची दोन टोकं जीपच्या पुढच्या बंपरला आणि एक टोक ट्रकच्या मागच्या हुकात. जीप आपल्याच चारी चाकांवर, आत कोणी न बसता, ट्रकमागे आज्ञाधारकपणे चालायची. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या आवारात मामांनी ही जोडी गोल फिरवून दाखवली, तेव्हा पेशंटसुद्धा खिडकीत आले होते.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि विचारलं, "मामा, ट्रकचे मागचे दिवे जीपने झाकले. मागून येणाऱ्याला काय दिसणार?"

"त्येच तर," मामा म्हणाले. "दिवे जीपला पायजेत, आन् पेटवायला पायजेत ट्रकनं. उद्याच्याला करतो."

हे "उद्याच्याला" पुढे बराच काळ चाललं.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी ट्रकच्या मागच्या दिव्याची वायर ओढून जीपच्या मागच्या दिव्यांना जोडली. आम्हाला सगळ्यांना मागे उभं केलं. "बघा हं," म्हणून केबिनमध्ये गेले आणि बटण दाबलं. जीपचे दोन्ही दिवे इतके लख्ख पेटले की आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत दोन्ही विझले. मामांनी बल्ब काढून कानाशी हलवले, बल्बला दोष दिला, नवे बसवले. तेही उडाले. मग ते उभे राहिले, कमरेवर हात ठेवले. आम्ही डबे उघडले.

आमची भाकरी अर्धी झाली असेल तेवढ्यात ते स्वतःशीच हसायला लागले. जीप सहा व्होल्टची होती आणि ट्रक बारा. "लहान्या लेकराला पैलवानाचा खुराक दिला मी," असं म्हणत त्यांनी माझ्या डब्यातली मिरची उचलली. ही चूक त्यांनी स्वतःच पुढे सगळ्या नगरभर सांगितली, आणि दर वेळी उडालेल्या बल्बची संख्या वाढत गेली.

बारा व्होल्टचे बल्ब आणले. आता दिवे टिकले. ब्रेकच्या दिव्याचीही वायर त्यांनी जोडली आणि आम्ही सुप्याच्या रस्त्याला लागलो. मामा खुशीत होते, गात होते. सुपं जवळ आलं, पुढे म्हशी आडव्या आल्या, मामांनी ब्रेक मारला आणि मागून कोणीतरी जोरात हॉर्न दिला. मामांनी आरशात बघून हात दाखवला, की थांब बाबा. ब्रेक सोडला, हॉर्न थांबला. पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न.

"लईच घाई हाय याला," मामा म्हणाले आणि ट्रक बाजूला घेऊन ब्रेक मारून थांबवला. मागचा हॉर्न आता थांबेचना. मामा भांडायच्या तयारीने खाली उतरले, त्याबरोबर हॉर्न गप्प. मागे रस्ता रिकामा. फक्त जीप.

सुप्याच्या चौकातली माणसं जमली. आत कोणी नसताना जीप ओरडते, ही बातमी आमच्या आधी हॉटेलात पोचली. एका म्हाताऱ्याने लांबूनच नमस्कार केला. झालं होतं असं, की जीपच्या वायरी कोणकोणत्या हातांनी जोडल्या होत्या देव जाणे, आणि धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या. मामांनी ब्रेकची म्हणून जी वायर जोडली, ती हॉर्नची होती. डॉक्टरबाई केबिनमध्ये बसून डोळे पुसेपर्यंत हसत होत्या. मामा मात्र लोकांना गंभीरपणे सांगत होते, "नवीन सोय हाय. ब्रेक मारला की मागच्याला आवाज देती."

त्या दिवशी त्यांनी एक मात्र ठरवलं. जीपच्या वायरीला हात लावायचा नाही. मुक्कामावर जीप एकटी चालवायची, तर तिला तिचे सहा व्होल्टचे बल्ब लागणार, टोचन लावायचं तर बारा. रोज कोण बदलत बसणार? त्यांनी औषधाच्या खोक्याची एक लांब फळी घेतली, तिच्या दोन टोकांना दोन लाल दिवे ठोकले आणि ती जीपच्या मागे दोन लोखंडी आकड्यांनी अडकवली. दिव्यांची वायर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून घालून जीपच्या बाजूने पुढे ट्रकपर्यंत आणली. टोचन सुटलं की फळी काढायची आणि ट्रकमध्ये टाकायची. फळीला त्यांनी पांढरा रंग दिला आणि मधोमध लाल अक्षरात लिहिलं, "सावकाश या".

तरी दिव्यांची कुरकुर संपली नव्हती. खड्ड्यातून गेलं की ते मिचमिचायचे. कधी दोन्ही मंद व्हायचे, कधी एकच लागायचा. भाळवणीच्या पुढे रस्त्याचं काम होतं, तिथे आमचा मुक्काम असताना मामांनी हा आजार हातात घेतला. दुपारच्या सुट्टीत खडी फोडणाऱ्या बायका ट्रकच्या सावलीला बसल्या होत्या. मामा त्यांच्यापुढेच आडवे पडून एकेक जागा तपासायला लागले. ऐकायला कोणी असलं की त्यांचं काम जास्त चांगलं होई.

"आता बघा मावशी," ते ठकूबाई नावाच्या एका वयस्कर बाईला सांगत होते, "ट्रकातून करंट वायरीनं दिव्याला गेला. दिवा पेटला. मग त्यानं परत कुठून यायचं?"

"मला काय ठावं," ठकूबाई म्हणाल्या. "तुमी धाडला, तुमी बघा."

"मी म्हनलं, येईल लोखंडावरनं. फळीच्या आकड्यावरनं जीपच्या अंगावर, दांडीवरनं ट्रकच्या अंगावर. पन दांडी हुकात खडखड हालती. कधी टेकती, कधी न्हाई. त्यावर गंज."

ठकूबाईंनी तंबाखू मळता मळता विचार केला. "म्हंजी लेकीला सासरी धाडलं आन् परत यायच्या वाटंवरचा पूल मोडका."

मामा ताडकन उठून बसले. त्यांना हे इतकं आवडलं, की पुढे ते स्वतःचंच म्हणून सांगत. परतीची वेगळी वायर त्यांनी त्याच दुपारी घातली. ट्रकच्या चासीवरचा रंग कानशीने घासून चकचकीत लोखंड काढलं आणि वायरीचं टोक तिथे बोल्टाखाली आवळलं. संध्याकाळी परत निघालो तेव्हा दोन्ही दिवे स्थिर होते. वायरमन लोक या परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणतात. त्यानंतर मामांचं पालुपदच झालं, "आधी अर्थ बघा. अर्थ न्हाई तर कशालाच अर्थ न्हाई." ऑपरेशनच्या खोलीतला दिवा बिघडला तरी हेच, आणि रविवारी पाळकांचं प्रवचन लांबलं तरी हेच.

रविवार हा मामांचा खास दिवस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काळा कोट. चर्चमध्ये ते ढोलकी वाजवायचे आणि गाण्यात सगळ्यांच्या पुढे अर्धा शब्द असायचे. त्यांची बायको राहेलमामी बायकांच्या बाजूने त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत, मग ते थोडे मागे येत. उपासना सुटली, की लोक एकमेकांना भेटायचे आणि मामा बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांना. प्रत्येक सायकल, फटफटी, बैलगाडी मागून बघत जायचे. कोणाच्या सायकलला मागचा लाल डोळा नसला, की त्याला गर्दीतून शोधून काढत.

"सायकल तुमची का?"

"होय मामा."

"मागनं आंधळी हाय ती. पुढच्या ऐतवारी डोळा बसवून आना. न्हाईतर पायी या."

लोक हसायचे, काही वैतागायचे. राहेलमामी म्हणायच्या, "सिस्टर, ह्या मानसाला सोर्गात नेलं तरी रथाच्या मागं जाऊन बघंल." पण एकदा मी भाजी निवडायला त्यांच्या ओट्यावर बसले असताना त्या एवढंच म्हणाल्या, की यामागे कारण आहे, आणि ते त्यांनी आपण होऊन सांगितलं तरच ऐकायचं, विचारायचं नाही. मी विचारलं नाही.

ते मला कळलं एस्तेरच्या लग्नाच्या दिवशी.

एस्तेर ही मामांची थोरली मुलगी. तिचं राहुरीकडच्या सुधाकर नावाच्या शाळामास्तरांशी जमलं. लग्न नगरच्या चर्चमध्ये, सकाळी. आम्ही दवाखान्यातले सगळे नटून आलेलो. चर्च भरलं, पाळक येऊन उभे राहिले, एस्तेर पांढऱ्या साडीत आईशेजारी बसली. मामा नव्या कोटात, फुटाण्याशिवाय, त्यामुळे हातांचं काय करावं हे न कळून दारात येरझाऱ्या घालत होते. नवरदेवाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात राहुरीकडून बसने आलेला एक माणूस धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "नवरदेवाची गाडी विळद घाटात पडलीय."

चर्चमधले सगळे वळून दाराकडे बघायला लागले. मग कोणीतरी रडायला लागलं. एस्तेर उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. डॉक्टरबाई पहिल्या सावरल्या. "मामा, ट्रक काढा. सिस्टर, पेटी घे आणि बरोबर जा. मी इकडे खाटा तयार ठेवते." मला साडी सावरायलाही वेळ मिळाला नाही. दवाखान्यातून मलमपट्टीची पेटी घेतली आणि केबिनमध्ये चढले.

मामांशेजारी मी किती वेळा बसले असेन. ते गप्प बसलेले मी त्या एकाच दिवशी बघितले. आक्कालाही काही म्हणाले नाहीत. हातांच्या शिरा वर आल्या होत्या आणि नजर रस्त्यावर. मी पेटीतलं कापसाचं बंडल उगाच उघडत होते, बांधत होते.

घाट चढायला लागलो. वळण गेलं, आणि बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत ट्रंकेवर बसलेला, डोक्याला फेटा, गळ्यात हार, असा सुधाकर शेंगा सोलताना दिसला. शेजारी फुलांनी सजवलेली काळी मोटार, तिचं तोंड उघडं. ड्रायव्हर आत डोकावतोय, आणि सुधाकरचे चुलते हातरुमालाने वारा घेतायत. गाडी पडली नव्हती. बंद पडली होती.

मामांनी ट्रक थांबवला. खाली उतरले नाहीत लगेच. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून थोडा वेळ बसले. मग डोळे पुसून खाली उतरले आणि सुधाकरच्या समोर जाऊन उभे राहिले.

"लागलं न्हाई ना कुठं?"

"नाही मामा. नुसती बंद पडली," सुधाकर गडबडून म्हणाला आणि त्यांच्यापुढे शेंगा धरल्या.

मामांनी शेंगा घेतल्या. "टोचन करून नेतो," म्हणाले.

मोटारीचं इंजिन काही ऐकण्यातलं नव्हतं. त्रिकोणी दांडी तिच्या बंपरला बसेना, म्हणून साखळी बांधली. मोटारीचा ड्रायव्हर तिचं चाक धरून बसणार होता. सगळं झालं असं वाटून चुलते आत बसायला निघाले, तर मामा ट्रकच्या मागे चढून, दुधाच्या पोत्यांखालून, ती पांढरी फळी ओढत होते.

"हे काय?" चुलत्यांनी विचारलं.

"दिवे."

"अहो व्याही, सूर्य डोक्यावर आलाय. आधीच नवरदेवाला ओढून नेताय, लोक काय म्हणतील ते म्हणतीलच. वर त्याच्या मागे ही फळी टांगायची? 'सावकाश या' लिहिलेली?"

"घाट उतरायचाय," मामा म्हणाले. "मी ब्रेक मारला तर मागच्या गाडीला दिसनार कसा? मधी तुमचा नवरदेव हाय."

"चर्चमध्ये माणसं ताटकळलीत."

"हां."

"मग?"

मामांनी फळी खाली ठेवली. ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते अगदी साध्या आवाजात बोलले. "माझा धाकला भाऊ हुता, दाविद. दौंडाच्या रस्त्यानं सायकलवर घरी येत हुता. दिवेलागनीचा वखत. पुढं कुनीतरी मळनीचं यंत्र टोचन करून चाललेलं. थांबलं. त्याला दिसलं न्हाई. मागं काईच लावलेलं नव्हतं. मी लष्करात, पंजाबात. मला मातीलासुदिक येता आलं न्हाई." मग फळी उचलून म्हणाले, "माझ्या लेकीचा नवरा मी असा न्हेनार न्हाई. तुमी सावलीत बसा."

 चुलत्यांनी हातरुमाल खिशात घातला आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

साखळीमुळे अंतर वाढलं होतं, वायर पुरेना. मामांनी सीटखालच्या भेंडोळ्यातून तुकडा तोडला, सोलला, जोडला, काळी टेप गुंडाळली. मग मला मागे उभं केलं आणि सुधाकरला ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. फेटा, हार, सगळ्यासकट.

"ब्रेक दाबा."

सुधाकरने दाबला. "उजवा लागला, डावा नाही," मी ओरडून सांगितलं.

"सोडा. आता दाबा. सोडा."

सासऱ्या-जावयाचं हे पहिलं लांबलचक बोलणं. मामा आडवे पडले, नवीन कोट काढून माझ्याकडे देऊन, पण पांढरं धोतर तसंच. त्यांनी उजव्या दिव्याचा बल्ब डावीकडे लावला. "दाबा." नाही पेटला. "म्हंजी बल्ब बरा हाय," ते मोठ्याने म्हणाले. मग खिशातून वायर जोडलेला छोटा बल्ब काढून त्याची टोकं डाव्या दिव्याच्या आत टेकवली. "दाबा." छोटा बल्ब पेटला. "करंट इथवर येतोय. अर्थबी बरा हाय. मग हा का रुसलाय?"

त्यांनी दिव्याच्या खोबणीत बोट घातलं, बाहेर काढलं, बघितलं आणि चाटलं.

"दूध," ते म्हणाले.

फळी दुष्काळभर दुधाच्या भुकटीच्या पोत्यांखाली पडून होती. भुकटी खोबणीत जाऊन, दमटपणाने चिकटून, तिचा थर झाला होता. बल्बचं बूड आतल्या पितळी पट्टीला टेकतच नव्हतं. मामांनी काडीने ती खरवडली. पुसायला काही हवं होतं, तर सुधाकरने केबिनमधून आपला अत्तर लावलेला नवा रुमाल खाली टाकला. मामांनी तो बिनदिक्कत वापरला.

"दाबा."

"दोन्ही लागले," मी म्हणाले.

"सोडा. पुन्यांदा दाबा. दाबून धरा. सोडा. उतरा आता, लगीन हाय तुमचं."

आम्ही घाट उतरलो. पुढे आक्का, मागे फुलांची मोटार, त्यामागे फळी. मामा दर वळणावर ब्रेक मारत आणि आरशात बघत होते. एक मालट्रक आमच्या मागे लागला होता, तो प्रत्येक ब्रेकला थबकत होता, आणि तो थबकला की मामांचा चेहरा खुलत होता. नगर आलं तेव्हा ते गायला लागले होते. अर्थात अर्धा शब्द पुढे.

चर्चच्या दारात सगळे बाहेर येऊन उभे होते. मोटार थांबली, सुधाकर धडधाकट उतरला. राहेलमामींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या धोतराकडे, ज्याला ग्रीस, माती आणि दूध तिन्ही लागलं होतं. त्यांनी मामांच्या खांद्यावरची धूळ झटकली. एस्तेर हसत होती आणि रडतही होती. मामांनी कोट घातला, बटणं लावली, धोतराचा डाग कोटाखाली गेला असं समजून लेकीचा हात धरला आणि आत निघाले. डाग काही कोटाखाली गेला नव्हता. ऊन, उशीर, भूक, सगळं विसरून लोक हसत होते, आणि पाळकांनी प्रवचन आखूड केलं.

पुढच्या उसाच्या हंगामात सुधाकरचे ते चुलते एक दिवस ट्रॅक्टर घेऊन दवाखान्याच्या आवारात हजर झाले. मागे ऊस वाहायच्या दोन ट्रॉल्या. "व्याही, फळी पाहिजे," म्हणाले. मामांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला, आणि विळद घाटाची हकीकत त्यांनाच पहिल्यापासून सांगितली, जसे काही ते तिथे नव्हतेच. मग दोन फळ्या करून दिल्या. त्या बघून आणखी कोणकोण यायला लागले. रविवारी दुपारी मामांच्या अंगणात लाल दिव्यांच्या फळ्या वाळत पडलेल्या असत. प्रत्येकीवर मजकूर वेगळा, आणि स्पेलिंग मामांचं. "सावकाश या" त्यांनी दुसऱ्या कोणाला लिहून दिलं नाही. ते धाकटीचं होतं.

माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून कोपरगावला निघाले. माळीवाड्याच्या स्टँडवर मला पोचवायला डॉक्टरबाई, राहेलमामी आणि मामा आले होते. दुपार उतरत आली होती. मामांनी माझी ट्रंक टपावर चढवली, दोरी ओढून बघितली, मला खिडकीची जागा मिळवून दिली आणि ज्याच्याकडून मिळवली त्याला फुटाणे दिले. राहेलमामी खिडकीतून माझा हात धरून होत्या. डॉक्टरबाईंनी काही सूचना केल्या, त्या मला तेव्हाही ऐकू आल्या नाहीत. 

"जाताय मग," मामा म्हणाले.

"हो मामा."

"बरं हाय. कोपरगाव चांगलं हाय. पानी हाय तिथं."

आणि ते खिडकीपासून निघून गेले. मला वाटलं, त्यांना निरोप घ्यायला जड जातंय. बस सुरू झाली, हात सुटला. डॉक्टरबाई आणि राहेलमामी मागे पडल्या, आणि मामा कुठे दिसेनात. मी उठून मागच्या काचेपाशी गेले. माणसं कुरकुरली, तरी गेले.

मामा बसच्या मागे होते. खाली वाकून, बसबरोबर भराभर चालत, हातरुमालाने ते मागच्या दिव्याची धुळीने भरलेली लाल काच पुसत होते. बसने वेग घेतला, तसे ते दोन पावलं पळाले, एक शेवटचा फटका मारून थांबले. स्टँडच्या फाटकाशी ड्रायव्हरने ब्रेक मारला. मामांनी मान तिरकी करून आधी एक दिवा बघितला, मग दुसरा. समाधानाने मान हलवली. मी काचेवर हात मारत होते, हात हलवत होते. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बस फाटकातून वळली तेव्हा ते रुमाल झटकत होते आणि पुढच्या फलाटावर उभ्या असलेल्या दुसऱ्या बसच्या मागच्या बाजूला निघाले होते.